अंकांत रमलेले कापरेकर गुरुजी

[दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीतील एक शाळामास्तर. मोठी पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, हाताशी यंत्र नाही; अशा स्थितीत त्यांनी केवळ कागद-पेन्सिलीच्या साहाय्याने अंकांचे नवे गुणधर्म शोधून काढले. अंकांची रांग पुढून आणि मागून वाचण्याच्या त्यांच्या छंदाची व त्या छंदापायी त्यांनी सोसलेल्या उपेक्षेची ओळख या पाठातून होते.]

विद्यार्थी मित्रांनो, पोलादपूरहून पनवेलकडे जाणाऱ्या एसटीत तुम्ही कधीतरी बसला असाल. गाडी पोलादपूर सोडते, मग महाड येते. पुढे लोणेरे, माणगाव, इंदापूर, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण आणि शेवटी पनवेल. ही दहा गावांची रांग आपल्या भागातील लहान मुलांनाही पाठ असते. ईदसाठी किंवा गणपतीसाठी मुंबईकडची माणसे घरी येऊ लागली, की हीच रांग उलटी होते. पनवेल मागे पडते, पेण येते, वडखळ येते. माणगाव गेले की सामानाची आवराआवर सुरू होते. गावे तीच, रस्ताही तोच. पण जाताना मनात एक भाव असतो आणि येताना दुसरा.

एकच रांग दोन बाजूंनी वाचण्याची सवय तर तुमच्या हातालाच आहे. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. त्यातही एक गंमत आहे. उर्दूच्या ओळीत एखादे साल आले, तर तुमचा हात दिशा बदलतो आणि तो आकडा डावीकडून उजवीकडे लिहितो. अंकांची चिन्हे दोन्ही भाषांत वेगळी असली, तरी हजाराचा अंक डावीकडे आणि एककाचा अंक उजवीकडे ही मांडणी एकच आहे. आणि तोच आकडा बेरजेसाठी मांडला, की आपण पुन्हा उजवीकडून सुरुवात करतो. कारण हातचा डावीकडे न्यायचा असतो. म्हणजे आकडा वाचायचा एका टोकाकडून आणि त्याची बेरीज करायची दुसऱ्या टोकाकडून!

आपण हे रोज करतो, पण त्याकडे लक्ष देत नाही. आपल्या महाराष्ट्रात एक शाळामास्तर असे होऊन गेले, की त्यांनी याच साध्या गोष्टीकडे आयुष्यभर लक्ष दिले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू हे आता पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील कारकून होते. दत्तात्रय आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली आणि मुलाच्या संगोपनाची सगळी जबाबदारी वडिलांवर आली. वडिलांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे पुष्कळ आकडेमोड करावी लागते. ती पाहता पाहता मुलालाही आकड्यांची गोडी लागली. त्याचा ज्योतिषाशी संबंध राहिला नाही. आकडे मात्र त्याच्याजवळ कायमचे राहिले.

दत्तात्रयचे माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. गणिती कोडी सोडवण्यात तो तासन् तास रमून जाई. १९२३ साली तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाला. तेथे शिकत असताना १९२७ साली त्याला रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या गणितातील कामासाठी हे पारितोषिक दिले जाई. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मूळचे कोकणातले, दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे. १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत त्यांनी पहिल्या क्रमांकाचा मान मिळवला होता. त्यांच्या नावाचे पारितोषिक मिळणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

१९२७ हे साल तुम्हांला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हे साल लक्षात ठेवा. थोड्याच वेळात आपण या आकड्याचा एक खेळ करणार आहोत.

१९२९ साली कापरेकर बी. एस्‌सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० साली ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेला वेळ अंकांना द्यावा, असा त्यांचा बत्तीस वर्षांचा क्रम होता. त्यांना जवळपासच्या महाविद्यालयांतून व्याख्यानांची बोलावणी येत. ते जात आणि तेथील मुलांना अंकांच्या गमती सांगत.

अंकांकडे पाहायला त्यांना ठरावीक जागा लागत नसे. त्या वेळी मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर जी. आय. पी. रेल्वेचे डेम्लो नावाचे स्टेशन होते. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. या स्टेशनवर असताना त्यांना एका प्रकारच्या संख्यांचा विचार सुचला. म्हणून त्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या असे नाव दिले. जगात अनेक संख्यांना विद्वानांची नावे आहेत. रेल्वे स्टेशनचे नाव मिळालेल्या संख्या क्वचितच सापडतील!

डेम्लो संख्यांपैकी सर्वांत सुंदर संख्या तुम्ही आताच वहीत काढून पाहा. ११ ला ११ ने गुणा. उत्तर येते १२१. १११ ला १११ ने गुणा. उत्तर येते १२३२१. ११११ ला ११११ ने गुणले, तर १२३४३२१ मिळतात. ही उत्तरे डावीकडून वाचा किंवा उजवीकडून वाचा, संख्या तीच राहते. अंक पायरी पायरीने वर चढतात आणि तशाच पायऱ्यांनी खाली उतरतात. नऊ एकांपर्यंत ही गंमत टिकते. दहा एकांची संख्या घेतली, की मधल्या पायरीवर दहा येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि डावी बाजू बिघडते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आता ते उलट वाचून पाहा. ते सुलट वाचण्यासारखे राहत नाही. नियम कोठपर्यंत चालतो आणि कोठे मोडतो, हे दोन्ही टोकांकडून तपासणे म्हणजेच गणित.

कापरेकरांच्या नावाच्याही काही संख्या आहेत. ४५ चा वर्ग २०२५. या वर्गाचे मधोमध दोन भाग करा. २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे भाग केले, तर बेरीज २९७. अशा संख्यांना आज सर्व जगात कापरेकर संख्या म्हणतात.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाकडे वळू. हा शोध त्यांनी १९४६ साली लावला. तो समजायला तुमच्या वर्गातील वजाबाकी पुरेशी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे, म्हणजे उतरत्या क्रमाने लिहा. मग तीच रांग उलटी वाचा. म्हणजे चढता क्रम मिळेल. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल, त्यावर पुन्हा हीच कृती करा.

आपण १९२७ हीच संख्या घेऊ.

९७२१ – १२७९ = ८४४२
८४४२ – २४४८ = ५९९४
९९५४ – ४५९९ = ५३५५
५५५३ – ३५५५ = १९९८
९९८१ – १८९९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर हीच कृती करा. ७६४१ मधून १४६७ वजा केले, की पुन्हा ६१७४ च येतात. येथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ तुम्हांला सोडत नाही. मित्राला त्याच्या आवडीची संख्या घ्यायला सांगा. ती वेगळी असेल, मधली उत्तरे वेगळी येतील. पण मुक्काम एकच, ६१७४. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथे पोहोचते. आपल्या १९२७ ला पूर्ण सात पायऱ्या लागल्या. एखाद्या पायरीवर तीन अंकी उत्तर आले, तर पुढे शून्य लिहून चार अंक पूर्ण करायचे, एवढे मात्र विसरू नका.

तीन अंकी संख्येवर हाच खेळ केला, तर शेवटी ४९५ येतात. दोन अंकी संख्येवर केला, तर ती कोठेच थांबत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, अशी ती गोल गोल फिरत राहते. चार अंकांना असा एकच मुक्काम मिळावा, हे पहिल्याने कापरेकरांना दिसले.

वरची उत्तरे पुन्हा एकदा पाहा. ८४४२ च्या अंकांची बेरीज १८. ६१७४ च्या अंकांचीही बेरीज १८. मधले प्रत्येक उत्तर नऊने नि:शेष भागले जाते. असे का होते? कारण संख्या सुलट लिहिली काय आणि उलट लिहिली काय, तिच्या अंकांची बेरीज बदलत नाही. म्हणून दोन्ही संख्यांना नऊने भागले, तर बाकी एकच उरते; आणि वजाबाकी केली, की ती बाकीही निघून जाते. दिसायला जादू, पण आत कारण आहे.

मित्रांनो, आज हे काम संगणक डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो. पण तोही कापरेकरांच्याच वाटेने जातो. कसा, ते पाहू. सी, जावा, पायथन अशा संगणकाच्या भाषांत वस्तूंची रांग ठेवण्याची एक सोय असते. सी आणि जावा या भाषांत तिला अ‍ॅरे म्हणतात. अ‍ॅरे म्हणजे एका ओळीत मांडलेले कप्पे. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. या भाषांत पहिल्या कप्प्याचा क्रमांक एक नसून शून्य असतो. आपली दहा गावे कप्प्यांत ठेवली, तर पोलादपूर शून्य क्रमांकाच्या कप्प्यात, महाड एक क्रमांकाच्या आणि पनवेल नऊ क्रमांकाच्या कप्प्यात जाईल. गावे दहा, पण शेवटचा क्रमांक नऊ.

सुलट वाचायचे असेल, तर संगणकाला सांगावे लागते, की शून्यापासून सुरुवात कर, दरवेळी क्रमांक एकने वाढव आणि क्रमांक दहापेक्षा कमी आहे तोपर्यंत चालत राहा. उलट वाचायचे असेल, तर सांगायचे, की नऊपासून सुरुवात कर, दरवेळी एक कमी कर आणि शून्य क्रमांकाचा कप्पा वाचूनच थांब. नवीन शिकणारी मुले येथे हमखास दोन चुका करतात. गावे दहा म्हणून ती दहापासून सुरुवात करतात. पण दहा क्रमांकाचा कप्पाच नसतो. किंवा ती एकवर थांबतात. मग गाडी महाडलाच थांबते आणि पोलादपूरची मंडळी गाडीत बसून राहतात!

कधी कधी उलट जाणे हेच शहाणपणाचे असते. समजा, एखादी जलद गाडी इंदापूर आणि कोलाड येथे थांबणार नाही. म्हणून ही दोन नावे रांगेतून काढायची आहेत. इंदापूर चार क्रमांकावर आहे आणि कोलाड पाचवर. सुलट जाताना चार क्रमांकावरचे इंदापूर काढले, की मागची सगळी गावे एक एक घर पुढे सरकतात आणि कोलाड चारवर येते. पण आपण तर आता पाचवर पाऊल टाकतो. कोलाड नजरेतून निसटते आणि यादीत तसेच राहते. उलट दिशेने आलो, तर आधी पाचवरचे कोलाड निघते, मग चारवरचे इंदापूर. सरकतात ती आपण तपासून मागे टाकलेली गावे. त्यामुळे काहीच निसटत नाही.

आता कापरेकरांची कृती संगणकाला कशी सांगायची? चार अंक चार कप्प्यांत ठेवायचे आणि ते उतरत्या क्रमाने लावायचे. ९, ७, २, १. मग हाती शून्य घेऊन रांगेतून चालत जायचे. प्रत्येक कप्प्यापाशी हातच्या संख्येला दहाने गुणायचे आणि कप्प्यातला अंक मिळवायचा. सुलट चालले, की ९, ९७, ९७२, ९७२१ असे होते. उलट चालले, की १, १२, १२७, १२७९. चढत्या क्रमासाठी अंक पुन्हा लावावे लागत नाहीत. रांग तीच, फक्त पावले उलटी. मग वजाबाकी. चार अंकी संख्यांतील सारख्या अंकांच्या नऊ संख्या सोडल्या, तर ८९९१ संख्या उरतात. त्या सगळ्या संगणक क्षणात तपासून देतो. कापरेकर गुरुजींजवळ असले यंत्र नव्हते. हाती कागद आणि पेन्सिल, आणि मन मात्र कधीच न थकणारे!

त्यांनी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारला होता. एखादी संख्या घ्यायची आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवायची. २३ घेतली, तर २ आणि ३ मिळून ५. म्हणून पुढची संख्या २८. २८ चे अंक मिळून १०. म्हणून पुढची ३८. असे पुढे पुढे जाणे कोणालाही जमते. पण मागे जायचे असेल तर? ३८ पर्यंत आपण २८ वरून आलो. १०१ पर्यंत मात्र ९१ वरूनही येता येते आणि १०० वरूनही येता येते. आणि २० पर्यंत तर कोणत्याच संख्येवरून येता येत नाही! जिला मागचा रस्ताच नाही, अशा संख्येला त्यांनी स्वयंभू संख्या म्हटले. पुढे जाणे सोपे, मागे वळून उगम शोधणे अवघड, ही गोष्ट या लहानशा खेळातून त्यांनी दाखवून दिली.

तुम्हांला वाटेल, की इतके शोध लावणाऱ्या माणसाचा त्या वेळी मोठा गौरव झाला असेल. तसे झाले नाही. आपल्याकडचे पुष्कळ गणिती त्यांच्या कामाला पोरखेळ समजत. मोठी पदवी नसलेला एक शाळामास्तर अंकांशी खेळत बसतो, याला गणित कसे म्हणायचे, असे त्यांना वाटे. त्यांचे काही लेख लहानसहान मासिकांत आले. काही पुस्तिका त्यांनी देवळालीत स्वतःच छापून घेतल्या. तरी ते गणिताच्या परिषदांना जात राहिले. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गोष्ट विद्वानांपुढे मांडली. पुढे १९५३ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. त्याचा विषयच अंकांची उलटापालट हा होता.

१९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून उतारवयात त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. पण अंकांची सोबत त्यांनी सोडली नाही. कौतुक झाले तरच काम करायचे, असा हिशेब त्यांनी कधी मांडलाच नव्हता.

मग १९७५ साल उजाडले. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर हे गणिताच्या मनोरंजक गोष्टी लिहिणारे नावाजलेले लेखक. सायंटिफिक अमेरिकन या मासिकात ते दरमहा लिहीत. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात त्यांनी आपल्या सदरात कापरेकरांची आणि त्यांच्या संख्यांची ओळख करून दिली. ज्यांचे नाव देवळालीबाहेर थोड्यांनाच ठाऊक होते, ते गुरुजी त्यानंतर देशोदेशींच्या गणितप्रेमींना माहीत झाले. त्या वेळी त्यांनी वयाची सत्तरी गाठली होती. १९८६ साली देवळाली येथे त्यांचे निधन झाले. आज ६१७४ ला सारे जग कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखते आणि संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलांना त्यांचा हा खेळ सरावासाठी दिला जातो.

मित्रांनो, कापरेकरांनी कोठलीही दूरची, दुर्मीळ वस्तू शोधून आणली नाही. अंक तुमच्याजवळ आहेत, तसेच त्यांच्याजवळ होते. फरक इतकाच, की जी रांग सगळे एका बाजूने वाचून पुढे जात होते, तीच त्यांनी दुसऱ्या बाजूनेही वाचली, आणि ती वाचताना लोक काय म्हणतील याची भीती धरली नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात संगणक शिकायला जाईल. तेथे शून्यापासून नऊपर्यंत आणि नऊपासून शून्यापर्यंत जाण्याचा धडा तुमच्यापुढे येईल. त्या वेळी देवळालीच्या या गुरुजींची आठवण ठेवा. आणि तोपर्यंत, पुढच्या वेळी एसटीत बसाल तेव्हा, गाडीच्या क्रमांकातील चार अंक घ्या आणि किती पायऱ्यांत ६१७४ येतात ते मोजा. घर येईपर्यंत वेळ कसा गेला, ते कळणारही नाही.

शब्दार्थ

संगोपन – पालनपोषण
नाद – छंद, आवड
रुजू होणे – कामावर हजर होणे
उतरता क्रम – मोठ्याकडून लहानाकडे जाणारा क्रम
चढता क्रम – लहानाकडून मोठ्याकडे जाणारा क्रम
मुक्काम – थांबण्याची जागा
नि:शेष – बाकी न उरता
उगम – सुरुवातीचे ठिकाण
स्वयंभू – आपोआप निर्माण झालेला
उपेक्षा – दुर्लक्ष
स्थिरांक – न बदलणारी संख्या

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कापरेकरांना आकड्यांची गोडी कशामुळे लागली?
(आ) डेम्लो संख्यांना ते नाव का मिळाले?
(इ) २० या संख्येला स्वयंभू संख्या का म्हणतात?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(अ) दहा कप्प्यांच्या अ‍ॅरेमध्ये शेवटच्या कप्प्याचा क्रमांक ______ असतो.
(आ) तीन अंकी संख्यांचा खेळ शेवटी ______ या संख्येवर थांबतो.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रांगेतील नावे काढताना उलट दिशेने जाणे का सोयीचे असते?
(आ) कापरेकरांना कोणत्या अडचणींना तोंड द्यावे लागले?

प्र. ४. उपक्रम : आपल्या जन्मसालाचे अंक घेऊन ६१७४ पर्यंतच्या पायऱ्या वहीत मांडा. वर्गात कोणाला सर्वांत जास्त पायऱ्या लागल्या, ते शोधा.

प्र. ५. आपल्या गावाहून पनवेलपर्यंतच्या प्रवासाचे वर्णन मराठीत दहा ओळींत लिहा. मग परतीच्या प्रवासाचे वर्णन लिहा. दोन्हींत काय वेगळे वाटले, ते वर्गात सांगा.